खजिना खाली ठेवला

लटारू घुग्घुसच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं छताला टेकू लावत असे. निवृत्तीनंतर दर रविवारी दुपारी सून रिना पटावरचा खेळ मांडायची आणि खाणीतले जुने सोबती वामनराव खेळायला यायचे. योद्धा, बुटका अशा तिघांच्या सोंगट्या राक्षसांच्या गुहेत शिरत. पुढे काय होणार, ते रिनाचा मोबाइल सांगे. जिंकले तर तिघे, हरले तर तिघे.

चार रविवार हरल्यावर लटारूचा योद्धा खजिना घेऊन दारापर्यंत पोहोचला. तेवढ्यात मोबाइल म्हणाला, छत कोसळतंय. वामनरावांचा बुटका मागे दगडाखाली अडकला होता.

"बाबा, बाहेर निघा. खजिना बाहेर आला का आपण जिंकलो," रिना म्हणाली.

"निघ बे! प्लास्टिकचा तर हाय थो," वामनराव ओरडले.

लटारूने योद्धा मागे वळवला. दगड उचलायला दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून त्याने खजिना खाली ठेवला. बुटका बाहेर आला, खजिना गाडला गेला. मोबाइलने हार जाहीर केली.

"काऊन बाबा?" रिनाने कपाळावर हात मारला.

लटारू वामनरावांकडे वळला. "भाऊ, खाणीत छत पडलं तवा तुमी मले खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. तुमच्यामुळं जगलो. हे कधी बोललोच नाई."

"अठरा वर्षं लावले बे तू!" वामनराव हसले. "लय जड होता. कंबर अजून दुखते."