वीस स्कॉटिश शब्द आणि एक उज्जैन

उज्जैनला देवास गेटजवळ माझा कापडछपाईचा कारखाना आहे. वडिलांकडून काही मिळालं नव्हतं. दुसऱ्याच्या टेबलावर रंग ओढत मी तो उभा केला. भावात मला आजवर कोणी उल्लू बनवलेलं नाही. तरी एका ऑर्डरचा राग अजून जात नाही.

फ्रीगंजमधल्या एका बँकवाल्याचा मुलगा स्कॉटलंडला राहतो. तिथल्या पर्यटकांना विकायला त्याला भांडी पुसायचे टॉवेल छापून हवे होते. त्यावर चित्र नाही; तिथले गावठी शब्द आणि शेजारी अर्थ. लोक पैसे देऊन शब्दकोशाने ताटं पुसतात, हे मला तेव्हा कळलं.

सुट्टीवर घरी आला होता, तेव्हा दोन तास बसून त्याने मला अर्थ समजावले, जणू वेदच शिकवतोय. ‘ड्रीख’ म्हणजे दिवसभराची ओलसर, राखाडी, कंटाळवाणी हवा. ‘क्रॅबिट’ म्हणजे तिरसट. ‘स्कनर्ड’ म्हणजे पार वैतागलेला. मग ‘नम्प्टी’ म्हणजे मूर्ख, ‘बामपॉट’ म्हणजे येडपट, ‘ग्लेकिट’ म्हणजे तोंड उघडं टाकून बघत राहणारा. वीस शब्दांपैकी सात नुसते मूर्खांसाठी. मी विचारलं, तिकडे एवढे प्रकार आहेत का? त्यात गोडवा आहे म्हणाला. हा गोडवा ऐकायला इतक्या लांब जायची गरज नव्हती. माझ्या कारखान्यात दिवसभर फुकट मिळाला असता.

भाव ठरला, त्या शब्दांच्या छपाईच्या जाळीच्या तीन फ्रेमा तयार झाल्या. नमुना बघून मला एकच गोष्ट हवीशी वाटली: खालच्या काठाला बारीक अक्षरात ‘उज्जैन’. तीस वर्षं छापतोय, पण माझ्या एकाही कापडावर माझ्या गावाचं नाव नाही. त्यासाठी मी टॉवेलमागे एक रुपया सोडायला तयार झालो. समोरच्याने न मागता, आयुष्यात पहिल्यांदा.

तो हसला. "काका, स्कॉटिश मालावर उज्जैन बघून कोण घेईल? लोकांना अस्सल माल पाहिजे."

शब्द सोडले तर त्या टॉवेलात सगळं इथलंच होतं. मी उठलो. फ्रेमा मोरीत नेल्या आणि त्यावर ब्लीच ओतायला लागलो. दोन कोऱ्या झाल्या तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. आठवड्याने त्याचं विमान होतं.

"ठीक है काका, टाका बारीक. रुपयाही सोडू नका."

मी उरलेल्या फ्रेमेवरही ब्लीच ओतलं आणि त्याला दुसरा कारखाना बघायला सांगितलं. त्याने टॉवेल इंदूरला छापून घेतले, असं ऐकलं. नव्या फ्रेमा एका दिवसात होतात, हे मी त्याला सांगितलं नाही.