रेडिएटरमधली हळद

आमच्या इमारतीत कुणाचीही गाडी अडली, की तळमजल्यावरचे काका ऑफिसचा डबा घेऊन निदानाला हजर होत. त्यांची स्वतःची गाडी नव्हती, त्यामुळे त्यांना शंका कधीच येत नसे. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या सकाळी बाबांची गाडी सुरू होईना आणि खाली हिरवट पाणी साचलेलं.

“रेडिएटर गळतोय. वहिनी, हळद आणा, भोक बुजेल!”

आईने आणलेली हळद काकांनी आत ओतली. गळणारं पाणी पिवळं झालं, इंजिन गप्पच.

“तापलंय. थंड होऊ दे.”

रात्रभर उभं असलेलं इंजिन तापलं कसं, हे मी मनातच विचारलं. तेवढ्यात काकांनी मीरा रोड स्टेशनची शेअर रिक्षा थांबवली. एकच जागा होती. मी पुढे झाले, तर ते आत बसलेसुद्धा.

“घाई नको गं,” आतून म्हणाले, “हळद धरायला वेळ लागतो!”