देशाच्या कप्तानाला गावचा कौल

मला अक्षर येत नाही. ज्यांना येतं ते कागदावर उतरवून मोकळे होतात; माझं सगळं डोक्यातच पडून राहतं. त्यात घरात क्रिकेटचा एक कप्तान असला, की किस्से ओल्या सुपारीसारखे साचतात. वाळत घालायला अंगण पुरत नाही!

हे कप्तान म्हणजे आमचे चुलत दीर, वसंतभाऊजी. स्वराज्य आल्यावर थोडे दिवस देशाच्या टीमचे कप्तान होते. मग सिलेक्शन कमिटीनं काढलं, आणि ते चौलला आमच्या वाडीत राहायला आले. सोबत दोन बॅटी, एक ब्लेझर आणि एकच इच्छा. देशाचं गेलं ते गेलं, निदान गावच्या टीमचं कप्तानपद मिळावं.

*

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, परदेशात हातची गेलेली मॅच आपण कशी वाचवली. पाच दिवस खेळले, शेवटी ड्रॉ.

सासूबाईंनी भात वाढता वाढता विचारलं, "तिथं जेवण मिळत होतं?"

"हो काकू. जेवण, शिवाय चहा."

"पाच दिवस जेवलात आणि निकाल नाही? आमच्या वेळची लग्नंसुद्धा चार दिवसांत उरकायची. आणि शेवटी नवरी तरी घरी यायची."

भाऊजींनी ताक मागितलं.

*

गावच्या टीमचा कप्तान होता पांडू, आमच्या माडांवर चढून नारळ पाडणारा. भात कापून झालं की मोकळ्या शेतात मॅची व्हायच्या, आणि शेताला लागूनच आमची वाडी. उंच मारलेला चेंडू माडाच्या शेंड्यात अडकला, तर तो काढायला पांडूच लागायचा. चेंडू खाली येईपर्यंत रन पळायचे, हा आमच्याकडचा रिवाज.

एकदा बॅटिंग आपलीच होती. पांडू वर गेला आणि चेंडू काही येईना. सुकलेल्या झावळ्या मात्र एकेक करून पडायला लागल्या. खाली आपले दोघं पळून पळून शेवटी चालायला लागले. सतरा रन झाले!

भाऊजी बुंध्याशी जाऊन ओरडले, की हे कुठल्याच नियमात बसत नाही.

वरून शांतपणे आवाज आला, "मग नियमाला चढाया सांगा."

*

तरी देशाच्या कप्तानाचा मान म्हणून गावानं त्यांना दोन मॅचींपुरतं कप्तान केलं. बघू तरी, म्हणाले.

पहिल्या मॅचला भाऊजींनी फिल्डिंग लावली. गणूला सांगितलं, दहा पावलं डावीकडे सरक. गणू सात पावलं सरकला आणि बांधाशी थांबला. पलीकडचं शेत त्याच्या सख्ख्या भावाचं, आणि दोघांचा कोर्टात दावा चाललेला. भाऊजींनी दरडावलं, तर गणू म्हणतो कसा, वकिलांनी पाय टाकू नको म्हणून बजावलंय.

कॅच बरोबर तीन पावलांवर पडला. गणू बांधावरून बघत राहिला.

बघ्यांतून त्याचा भाऊ उठला. "माझ्या हद्दीत पडलाय. आता चेंडू माझा."

*

दुसऱ्या मॅचला आपले रन भरपूर झाले, तसं भाऊजींनी हात वर करून खेळणाऱ्यांना परत बोलावलं. म्हणे डिक्लेअर केलं! अजून चौघांची बॅटिंग राहिलेली. त्यातल्या एकानं तर आपला खेळ बघायला सासुरवाडीची माणसं बैलगाडीनं आणलेली. भाऊजींनी परोपरीनं समजावलं, की समोरच्यांना आउट करायला वेळ हवा. हा जावई पॅड सोडायला तयार होईना.

"भाऊ, पंगतीत पानावर बसलेल्याला कुनी उठवतं काय?"

जिंकायची मॅच तशीच राहिली, पण चौघंही खेळले. जावईबापू पहिल्याच चेंडूला आउट झाले. सासुरवाडीनं टाळ्या वाजवल्या.

*

मग रेवदंड्याशी वर्षाची मोठी मॅच आली आणि गावात दोन तट पडले. भाऊजी की पांडू? भाऊजींचं जेवणात लक्ष लागेना. मला म्हणाले, वहिनी, एवढं मिळू दे, मग आयुष्यात काही मागणार नाही.

शेवटी मोठ्या भांडणात करतात तेच गावानं केलं. भैरीच्या देवळात कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी ओली करून चिकटवली. उजवी आधी पडली तर भाऊजी, डावी पडली तर पांडू. भाऊजी ब्लेझर घालून, हात जोडून उभे. घामानं निथळत होते, पण वरचं बटण सोडलं नाही.

डावी पडली.

मी भाऊजींजवळ गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी कमिटीत पाच जण होते. एकालाही माझ्यासमोर येववलं नाही. मी पेपरात वाचलं. ह्या देवानं निदान तोंडावर सांगितलं."

मग ब्लेझर काढून माझ्या हातात दिला आणि सगळ्या गावादेखत पांडूसमोर जाऊन उभे राहिले.

"कप्तान, मी कुठं उभा राहू?"

पांडूला त्यांच्याकडं बघवेना. मान खाली घालून तो म्हणाला, "माडाखाली न्हाय. बाकी तुमी म्हनाल तिथं."