उशाखालचा फोन

डब्यातल्या पोळ्यांसाठी बायको फॉइल चर्रकन फाडते आणि मला ओमानमधल्या दुक्मच्या कॅम्पमधली आमची खोली आठवते. आम्ही नाइट शिफ्टवाले, म्हणून दिवसा झोपण्यासाठी खिडकीच्या काचांना फॉइल चिकटवलेली. भर दुपारी आत मिट्ट काळोख, एसीची घरघर आणि दमट मोज्यांचा वास.

समोरच्या खाटेवर गुहागरचे इक्बालभाई. गावी आई अंथरुणाला खिळलेली आणि अर्बाब, म्हणजे तिथला मालक, सुट्टी देत नव्हता. फोन उशाखाली ठेवून ते नुसते कूस बदलत राहायचे.

"झोपा ना भाई," मी म्हणायचो.

"डोळा लागला आणि फोन वाजला तर?"

एका दुपारी तो वाजला. भाई फक्त "हां, हां" म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "खलास. अम्मा गेली." भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी हुंदक्याची वाट बघत बसलो, तर थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. काय दगडाच्या काळजाचा माणूस, असं तेव्हा वाटलं होतं.

यंदा लांबलेल्या आजारपणानंतर माझीही आई गेली. तेव्हापासून मलाही गाढ झोप लागते. बायको म्हणते, बरं झालं, झोपता तरी. फोन आता रात्रभर बाहेर हॉलमध्येच पडलेला असतो.