शर्टाला लागलेल्या बिया

गवतातून चालताना पँटला काय काय चिकटतं ते कळत नाही. घरी येऊन बसलं की टोचायला लागतं. नोकरीतल्या गोष्टींचं तसंच. मी चौथी नापास माणूस. ऐंशीच्या आसपास पालघरच्या एका कॉलेजात शिपाई होतो, झाडांच्या खात्यात. आता रिकामा बसलोय आणि टोचतंय. ऐकायचं तर ऐका, मधे बोलू नका.

*

आमचे सर सूर्यफुलाच्या कुळामागे लागलेले. झेंडू, सोनकी, एकदांडी, सगळी म्हणे त्याच कुळातली. त्यात कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, हे सर फुलावरून नव्हे, बीवरून ठरवायचे. कुणाच्या बीला पिसं, कुणाच्या बीला आकडे, कुणाला काहीच नाही. दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायचे.

एकदा मला म्हणाले, "तांडेल, झेंडू म्हणजे एक फूल नव्हे. शेकडो बारकी फुलं दाटीने बसलेली असतात."

मी म्हटलं, "मग आमी देवाला इतकी वर्षं काय वाहातो?"

सर मान वर न करता म्हणाले, "मोर्चा."

*

खोली झाडायला जानकी यायची, कोळगावकडून. तिचा नवरा सुदाम बोईसरला कारखान्यात होता. एक दिवस पाळी संपवून गेटाबाहेर पडला तो घरी पोचलाच नाही. सासरा तिच्या मागे लागलेला. "मेला असं धर. त्याचे दिवस घालू, कुंकू पूस."

जानकी म्हणायची, "मेलेला बघितला का कुणी? मग कुंकू राहणार."

हट्टी बाई. मला हट्टी माणसं आवडत नाहीत, पण तिला मी कधी काही बोललो नाही.

एका सकाळी सरांनी पिसांच्या बिया ताटात मांडल्या होत्या. पोरं ज्यांना म्हातारी म्हणतात, त्या. जानकी झाडू घेऊन दारात आली आणि ताटातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम उठल्या. खोलीभर फिरल्या आणि तिच्या पदरावर जाऊन बसल्या. माझ्या अंगावर एक नाही, सरांच्या अंगावर एक नाही.

सर ओरडले, "पंखा कोणी लावला?"

लाइट पहाटेपासून गेलेली.

*

मग शर्ट आला. सुदामच्या जोडीला काम करणारा एक भैया बोईसरहून घेऊन आला. "भाभी, ये सुदाम का है. कंपाउंड की तार पे टँगा था."

जानकीने तो तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. सगळा बियांनी भरलेला. म्हणाली, "सर, तुमी बी बघून झाड सांगता. झाड कुठं उगवतं तेपण सांगता. मग सांगा, माझा माणूस कुठं हाय."

सर चिमट्याने एकेक बी काढायला लागले. "ही आकड्याची, ओढ्याकाठची. ही पाथरी, केळव्याच्या वाळूतली. म्हणजे शर्ट ओढ्याने समुद्राकडे गेलाय."

"शर्ट कसा जाईल, सर?" जानकी म्हणाली. "शर्ट एकटा फिरत नाय."

*

तिने शर्ट धुतला. सासरा घरात ठेवू देईना, म्हणून आमच्याच खोलीत खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर शर्टाला नव्या बिया.

सर माझ्याकडे बघायला लागले. "तांडेल, चेष्टा करतोस?"

माझं डोकं फिरलं. "किल्ली तुमच्या खिशात. मी काय दाराच्या फटीतनं शिरलो?"

त्यानंतर हे चालूच राहिलं. ती धुवायची, वाळवायची, खिळ्याला अडकवायची. सकाळी आली की विचारायची, "आज कुठं?" सर चिडायचे, पण भिंग उचलायचे. एक दिवस तारापूर, एक दिवस दातिवरे. ऐकून बाई खूश. चालतोय ना माणूस, मग झालं. झाडायला लागायची.

वैशाखात एकदा सोनकीची बी निघाली. सोनकी डोंगरावर फुलते, पाऊस सरता सरता. बाहेर तर डोंगर भाजून काळे पडलेले. आणि बी ताजी, पिसं अजून दमट.

सरांनी ती कुठल्याच खणात ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. कारण लिहिलं, ताप.

*

शेवटी सासऱ्याने दिवस नेमला. माणसांना बोलावणी गेली. जानकीला सांगितलं, कुंकू पूस, नाहीतर घरात पाय ठेवू नको.

ती सकाळी आली, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि सरांसमोर पसरला.

"सर, आज नीट बघा. उद्या माझं कुंकू जातंय. कुठंबी असू दे, चालतोय एवढं सांगा. मी सासऱ्याला अडवते."

सरांनी वेळ घेतला. पुढून शर्ट स्वच्छ होता. पाठीवर आणि कॉलरखाली बिया, सगळ्या एकाच जातीच्या, काळ्या, बारीक.

"माका," सर म्हणाले. "केसांच्या तेलात घालतात तो."

"तो कुठं असतो?"

"ओलीच्या जागी, कुठेही. पण जानकी, ही बी बोडकी..." सरांनी जीभ चावली. त्या बाईसमोर, त्या दिवशी, तो शब्द. मग हळूच म्हणाले, "हिला पिसं नाहीत, आकडा नाही. ही उडत नाही, चालत्या माणसाला चिकटत नाही. झाडाखाली पडते आणि तिथेच राहते."

माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. तिच्या लगेच.

"म्हंजे पाठ टेकलीय त्यानं," जानकी म्हणाली.

सर भिंग पुसत बसले. तिने शर्ट उचलला नाही. टेबलावरच बाह्या सरळ केल्या, कॉलर सारखी केली. मग मला म्हणाली, "तात्या, जाताना आमच्या म्हाताऱ्याला सांगा, उद्या घाला म्हणावं दिवस."

माझा आवाज मुळातच मोठा. मी म्हटलं, "अगं पण जानकी..."

"हळू बोला, तात्या. आत्ता कुठं त्याचा डोळा लागलाय."