मुंगवडीचा मामला

मैत्रीण अकोल्याला गेली याचं मला काही वाटलं नव्हतं. नवऱ्याची बदली झाली तर बाई दुसरं काय करणार. तिथं जाऊन तिनं दुसरी धरली, याचं वाटलं.

आम्ही दोघी अमरावतीत माझ्या गच्चीवर उन्हाळाभर मुंगवड्या टाकायचो आणि पाकिटं करून दुकानात द्यायचो. पहिली वडी दोघींनी मिळून टाकायची, तिला हळदकुंकू लावायचं, मग बाकीच्या. ही रीत माझ्या आईची. पाकिटं बंद करायची मशीन माझी, पण असायची तिच्या घरी. माझ्या सासूबाईंना प्लास्टिक जळल्याचा वास सोसत नसे. बदलीच्या सामानाबरोबर मशीनही अकोल्याला गेली. तेव्हा ती मी मागून घेतली नाही.

मग एक दिवस तिचं स्टेटस पाहिलं. कुठल्याशा प्रदर्शनातला स्टॉल, टेबलावर माझी मशीन, आणि मागे ती एका तरण्या बाईच्या खांद्यावर हात टाकून उभी. दोघींच्या साड्या सारख्या. माझ्यासोबत तिनं कधी सारखी साडी घेतली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोटो इतक्यांदा पाहिला की त्या बाईचे कानातलेही मला पाठ झाले.

माझा मावसभाऊ फौजदारी वकील आहे. त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, हिच्यावर केस टाकायची.

"काहाची?"

"फसवणुकीची."

त्यानं चष्मा काढून ठेवला. "हे पाह्य ताई, फसवणूक म्हनजे पयल्यापासून नियत खोटी पाह्यजे. मशीन घेतली तवाच तिच्या मनात पाप होतं, असं सांगता येते काय तुले?"

मी काहीही सांगायला तयार होते. पण माझी आई दवाखान्यात होती तेव्हा साऱ्या वड्या तिनं एकटीनं टाकल्या होत्या, वर मला रोज डबा आणला होता. पहिल्यापासून खोटी म्हणायचं तर तो डबाही खोटा ठरत होता. मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग विश्वासघात. तू भरवशानं ठेवायले देल्ली, आन् मांगून तिचं मन फिरलं. पन त्यातबी तिनं मशीन दाबली पाह्यजे. तू वापस मांगतली काय?"

"नाही."

"म्हनजे न मांगताच लबाड ठरवून राह्यली तू तिले. आन् ते दुसरीसंग धंदा करते, हा काही गुन्हा नोहे. कायदा नवा आला, कलमायचे आकडे बदलले, पन तसं कलम त्यातबी नाही."

तो हसला. मी हसले नाही. मशीन परत मागणारा मेसेज तिथंच बसून टाकला, आणि तिनं ती देऊ नये म्हणून देवाला हात जोडले. तिनं टाळाटाळ केली असती तर ती लबाड, मी खरी, आणि जळायला माझ्याकडे हक्काचं कारण.

त्याच आठवड्यात ती दुसरी दारात उभी. एसटीनं आली होती, काखेत मशीनची पिशवी. "मावशी, ताईले ताप आहे म्हून मी आली," म्हणाली. तिला ताई आणि मला मावशी. मशीन पुसून लख्ख केलेली, जळकी वायरसुद्धा बदललेली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मी चहा केला. पोरगी उर्मट निघाली असती तर बरं झालं असतं, पण तिनं स्वतःचा कपही विसळून ठेवला.

जाताना म्हणाली, "ताईनं मले समदं शिकवलं. पयली वडी आमी दोघी मिळूनच टाकतो, कुंकू लावून. त्याबिगर वडी हलकी होत नाही म्हन्ते ताई."

मी भावाला फोन लावला. "मशीन आली."

"झालं मंग. मामला खतम."

"आन् पयली वडी?"

"काय?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

यंदा वड्या मी एकटीनंच टाकल्या. कुंकू लावलं नाही. पहिली वडी टाकायला बसले, तेव्हा सवयीनं जरा सरकून बसले होते, तिच्यापुरती जागा ठेवून.