ठकुबाईनं अडवलेला निवद

पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर ठकुबाईनं आपल्या धाकट्या दिराला, सावळारामला, त्याची आई मेल्यावर शेळीचं दूध पाजून वाढवलं. तोच पुढं मुंबईच्या गोदीत मुकादम झाला, आणि एका उन्हाळ्यात म्हणाला, "वैनी, चला, तुमास्नी ममई दावतो." नवरा गेलेला, जन्मात वेल्ह्याच्या बाजारापलीकडं पाऊल नाही. हरखली बिचारी!

मुंबई दावलीही त्यानं. राणीच्या बागेत वाघ बघून ती खवळली, "मुडद्या, आमची मेंढरं वडून नेतोस, आन् हितं आयतं गिळतोस व्हय?" मत्स्यालयात काचेमागं रंगीत मासे बघितले. गेटवेच्या कमानीखाली तर समोर अख्खा दर्या, त्यावर डुलणाऱ्या बोटी! तिच्या डोळ्यांना पाणीच आलं. "सावळ्या, तुज्या दादानं ह्ये बगाया पायजे हुतं," असं ती म्हणतेय तोवर त्याच्या ओळखीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले दोघे बाबू समोर आले. एकानं विचारलं, "ही कोण?"

सावळाराम झटक्यात म्हणाला, "गावाकडची बाई आहे. घरकामाला आणलीय."

झालं! पुढं त्यानं म्हातारीचा बूट दाखवला, पण हिला काही दिसलंच नाही. अंगाची नुसती लाही लाही होत होती. ज्याचा शेंबूड पुसला, त्यानं मोलकरीण करावं? तिनं मनात डूख धरला.

चार वर्षांनी सावळारामच्या लेकीचं लग्न निघालं. देव वाड्यावरचा, म्हणून लग्नही वाड्यावरच. व्याही भोरचा, घोंगड्यांचा बडा व्यापारी. पानं मांडली, भात वाढला. पण वाड्यावरची रीत अशी, की घरच्या थोरल्या बाईनं देवाला निवद दाखवल्याबगर कुणी घासाला हात लावायचा नाही. आणि थोरली बाई ताट घेऊन उंबऱ्यात उभीच!

"वैनी, निवद दावा की. पावनं खोळंबल्यात."

"मी या घरची कोन, ते आदी सांग पावन्यांस्नी."

"ह्या माज्या वैनी. आईवानी."

"आन् ममईत, दर्याच्या काठाला, कोन हुते?"

व्याही टकामका बघायला लागला. भात निवत चालला.

"वैनी, पाया पडतो..."

"पाया मागनं पड. आदी बोल!"

शेवटी मान खाली घालून बोलला. "मोलकरीन म्हनलं म्या वैनीला." व्याह्यानं कपाळाला हात लावला, "अरारारा!"

मग ठकुबाईनं निवद दाखवला, आणि बायकांच्या पंगतीची वाट न बघता व्याह्याशेजारीच पान मांडून बसली. सावळाराम वाकून वाढत होता, आणि ती सावकाश जेवत होती.

"तूप वाड," ती म्हणाली. "आनखी."